अंतर तेवढंच, मग विमानाची वेळ का बदलते?

१९२७ च्या फेब्रुवारीत अमेरिकी वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग सॅन दिएगोच्या सार्वजनिक वाचनालयात गेला, पण पुस्तकासाठी नव्हे. सोबत त्याच्या विमानाचा आराखडा करणारा डोनाल्ड हॉल होता. लिंडबर्गने तिथल्या पृथ्वीगोलावर वाणसामानाची पुडी बांधायचा पांढरा दोरा न्यूयॉर्कपासून पॅरिसपर्यंत ताणून धरला. अंतर भरलं ३,६०० मैल, म्हणजे सुमारे ५,८०० किलोमीटर. त्या आकड्यावर पेट्रोलचा हिशेब बसवला गेला आणि मे महिन्यात तो साडेतेहेतीस तासांत पॅरिसला उतरला.

नकाशा आणि पट्टी सोडून दोराच का? नकाशाकार मर्केटरचा १५६९ चा नकाशा दर्यावर्दींसाठी केलेला. त्यावरची सरळ रेघ म्हणजे होकायंत्राची एकच दिशा धरून जायचा मार्ग. सोयीचा, पण जवळचा असेलच असं नाही. पोर्तुगीज गणितज्ञ पेद्रो नुनिशने हा फरक १५३७ मध्येच दाखवून दिला होता. गोलावरची सर्वांत जवळची वाट बृहद्वृत्तावरून, म्हणजे गोलाचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळावरून जाते आणि ताणलेला दोरा आपोआप तिच्यावर बसतो. न्यूयॉर्क ते टोकियो दोरा धरून पाहा, तो अलास्कावरून जातो. भिंतीवरचा नकाशा पाहून हे पटत नाही.

जहाजांवर हेच गणित हॅव्हरसाइन या त्रिकोणमितीतल्या मानाच्या कोष्टकांनी होई. हा शब्द जेम्स इनमनने १८३५ साली रूढ केला. आज दोन शहरांची नावं टाकताच अंतर सांगणारी बरीच साधनं तेच सूत्र वापरतात, पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून. पृथ्वी ध्रुवांपाशी थोडी चपटी असल्याने फार तर अर्ध्या टक्क्याची चूक राहते. १९७५ च्या व्हिन्सेंटीच्या सूत्राने तीही जवळपास संपवली.

वेळेचं मात्र तसं नाही. अंतराला ताशी ८००-९०० किलोमीटरने भागून वर अर्धा तास धरला की उत्तर येतं खरं, पण त्यात वारा कुठेच नसतो. जपानी हवामानतज्ज्ञ वासाबुरो ओइशीने १९२० च्या दशकात फुगे सोडून उंचावरचे पश्चिमेकडून येणारे वेगवान वारे नोंदवले आणि ते छापले एस्परांतो या मुद्दाम घडवलेल्या जागतिक भाषेत! जगाने लक्ष दिलं नाही. १९४४ मध्ये टोकियोवर आलेल्या अमेरिकी बी-२९ बॉम्बफेकी विमानांना या वाऱ्यांचा तडाखा बसला, तेव्हा त्यांची खरी ताकद कळली. फेब्रुवारी २०२० मध्ये याच वाऱ्यांवर स्वार होऊन एक जंबो जेट न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. एरवी याला साडेसहा तास लागतात, उलट दिशेने त्याहून जास्त.

तिकिटावरची वेळ आणखी वेगळी. ती ‘ब्लॉक टाइम’, म्हणजे चाकांचे ठोकळे निघाल्यापासून पुन्हा लागेपर्यंतची. धावपट्टीपर्यंतची रांगही त्यातच येते.

आणि शेवटी सरहद्दी. हेलसिंकी ते टोकियो दोऱ्याने सुमारे ७,८०० किलोमीटर. १९८३ मध्ये फिनलंडच्या फिनएअर या विमान कंपनीने ही थेट सेवा सुरू केली, तेव्हा सोव्हिएत हद्द टाळून विमान उत्तर ध्रुवावरून न्यावं लागे; तेरा तास लागत. पुढे सायबेरियावरून वाट मिळाली आणि प्रवास साडेनऊ तासांवर आला. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं, तशी तीच जुनी ध्रुवाची वाट पुन्हा निघाली. पुन्हा तेरा तास.