कोरं झालेलं तिकीट आपण का टाकत नाही?

जुन्या पाकिटात, डायरीच्या पानांत किंवा टेबलाच्या खणात पुष्कळ जणांकडे एखादं तिकीट जपून ठेवलेलं असतं. कधी कुणाबरोबर पाहिलेल्या नाटकाचं, कधी पहिल्या मोठ्या प्रवासाचं. काही वर्षांनी सहज काढून बघावं तर तारीख गेलेली, आसन क्रमांक गेलेला, हातात नुसता गुळगुळीत पिवळट कागद. असं तिकीट बहुधा थर्मल कागदाचं असतं. तो छापणाऱ्या यंत्रात शाई नसतेच. कागदावरच्या पातळ थरात एक रंगहीन रंगद्रव्य आणि एक आम्लधर्मी रसायन सूक्ष्म कणांच्या रूपात शेजारी शेजारी बसलेलं असतं. यंत्राचा तापलेला भाग जिथे टेकतो तिथे दोन्ही वितळून एकमेकांत मिसळतात, रंगद्रव्याच्या रेणूची रचना बदलते आणि काळी अक्षरं उमटतात. पंचाईत अशी की ही प्रक्रिया उलटही फिरते. ऊन, ऊब, बोटांवरचं तेल, कशानेही. प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जी रसायनं मिसळतात, तीही ही अक्षरं पुसून टाकतात. म्हणजे तिकीट नीट राहावं म्हणून आपण ते मऊ प्लॅस्टिकच्या कव्हरात सरकवतो आणि त्यानेच ते लवकर कोरं होतं.

पण खरी गंमत पुढेच आहे. कोरं झालेलं तिकीटसुद्धा माणसं टाकत नाहीत. वाचण्यासारखं त्यात काही उरलेलं नाही, दुसऱ्या कुणाला दाखवलं तर तो कचरा समजेल, तरी ते परत खणात जातं. मग आपण जपतो ते नेमकं काय?

स्मृतीवर संशोधन करणारे पहिलं उत्तर देतील ते खुणेचं. एन्डेल टुल्व्हिंग आणि डोनाल्ड थॉमसन यांनी १९७३ साली एक तत्त्व मांडलं: प्रसंग मनात नोंदला जात असताना जी गोष्ट त्याच्यासोबत नोंदली गेली, तीच पुढे तो प्रसंग आठवून द्यायला सगळ्यात उपयोगी पडते. एखादी खूण वरवर कितीही समर्पक वाटो, मूळ क्षणी ती मनात शिरलेली नसेल तर तिचा जोर कमी पडतो. मला वाटतं, परतीच्या वाटेवर घाईघाईने घेतलेल्या शोभेच्या वस्तूपेक्षा त्या दिवशी खिशात तसाच राहून गेलेला खडा जास्त बोलतो, त्याचं कारण हेच असावं. तो खडा त्या दुपारी हातात होता. शोभेची वस्तू नंतर आली.

वासाची तऱ्हा आणखी वेगळी. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं मेंदूच्या बाह्यस्तरापर्यंत पोहोचण्याआधी थॅलॅमस नावाच्या भागातून जातं. नाकाकडून येणारे संदेश मात्र हा टप्पा वगळून थोडक्या वाटेने अमिग्डाला आणि हिप्पोकॅम्पस यांच्या परिसरात पोहोचतात. यांतला पहिला भाग भावनांशी जोडलेला, दुसरा आठवणी घडवणारा. गेलेल्या माणसाचा स्वेटर न धुता ठेवणारे लोक असतात, त्यांना हे शरीरशास्त्र माहीत असण्याची गरज नसते.

खूण तशीच राहिली म्हणून आठवणही तशीच राहते असं मात्र नाही. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी लोकांना एक अनोळखी लोककथा वाचायला देऊन ती पुन्हा पुन्हा आठवून लिहायला लावली. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत दिसलं, की दर वेळी कथा थोडी आखडते, विचित्र तपशील गळतात आणि उरलेलं सांगणाऱ्याच्या ओळखीच्या साच्यात बसतं. पुढे २००० साली करीम नादेर, ग्लेन शाफे आणि जोसेफ लडू यांनी उंदरांवर प्रयोग केला. आवाजाची भीती पक्की बसलेल्या उंदरांना तो आवाज पुन्हा ऐकवला आणि लगेच त्यांच्या अमिग्डालात प्रथिनं बनण्याची क्रिया रोखणारं औषध सोडलं. जुनी, पक्की वाटणारी भीती ओसरली. म्हणजे आठवण जागी झाली की काही काळ ती पुन्हा मऊ पडते आणि नव्याने घट्ट व्हावी लागते. उंदराची भीती आणि आपल्या खणातलं तिकीट यांत बरंच अंतर आहे, ते विसरायला नको. पण विसाव्या वर्षी जपलेलं पत्र पन्नासाव्या वर्षी वाचलं तर वेगळंच काही सांगतं, याचं नवल वाटायचं कारण उरत नाही. शब्द तेच असतात, वाचणारा बदललेला असतो.

आता एक अडचण. वस्तू ही नुसती खूणच असेल, तर तिची हुबेहूब नक्कल तेवढंच काम करायला हवी. ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात हे लहान मुलांवर पाहिलं. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना दोन पेट्यांचं एक ‘नक्कल करणारं यंत्र’ दाखवलं. एका पेटीत खेळणं ठेवायचं, दिवे लुकलुकायचे, दुसऱ्या पेटीत तसंच खेळणं तयार! (अर्थात ही हातचलाखी होती.) साध्या खेळण्याची नक्कल मुलांनी आनंदाने घेतली. पण जी बाहुली किंवा पांघरूण जवळ घेतल्याशिवाय झोप येत नाही, ते यंत्रात ठेवायची वेळ आली तेव्हा काहींनी साफ नकार दिला आणि ज्यांनी ठेवू दिलं त्यांतल्या बहुतेकांनी नंतर मूळ वस्तूच परत मागितली. चांगलं-वाईट दिसण्याचा इथे प्रश्नच नव्हता. आपल्याबरोबर ज्या रात्री घालवल्या त्या नकलेने घालवलेल्या नाहीत, हे चार वर्षांच्या मुलाला न शिकवता कळतं.

मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि कॅरल नेमरॉफ यांनी या समजुतीचा बराच अभ्यास केला आहे. स्पर्शाने काहीतरी एका माणसाकडून वस्तूत उतरतं आणि तिथे राहतं, असं आपण मनाच्या खोल कप्प्यात धरून चालतो. नकोशा माणसाने घातलेला कपडा धुऊन, इस्त्री करून दिला तरी अंगावर घालवत नाही. प्रिय माणसाच्या वस्तूबाबत तेच उलट्या दिशेने होतं. विज्ञान शिकलेली माणसं याला अपवाद असतील असं कुणी समजू नये. चार्ल्स आणि एमा डार्विन यांची मुलगी ॲनी एप्रिल १८५१ मध्ये दहाव्या वर्षी गेली. तिच्या लेखनपेटीत एमाने पिसांच्या लेखण्या, भरतकामाचे धागे आणि मुलीच्या केसांची एक बट जपून ठेवली. ज्या घरात पुढे माणसाच्या उत्पत्तीबद्दलचा सगळ्यात खळबळजनक विचार लिहिला गेला, त्याच घरात ती बटही होती. मला यात विसंगती दिसत नाही.

इतिहास वस्तूत दिसत नाही, आपण तो धरून चालतो. त्यामुळे फसगतही होते. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमकडे चंद्रावरचा एक दगड होता. १९६९ साली अमेरिकेच्या राजदूतांनी तो नेदरलँड्सचे माजी पंतप्रधान विलेम ड्रेस यांना भेट दिल्याचं सांगितलं जाई. ड्रेस यांच्या मृत्यूनंतर तो संग्रहालयात आला. २००९ मध्ये तपासणी झाली आणि तो अश्मीभूत लाकडाचा तुकडा निघाला. आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्यातला एकही अणू बदलला नव्हता.

याच्या पुढची पायरी ‘मी’पाशी जाते. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० सालीच म्हटलं होतं, की माणूस ज्या ज्या गोष्टीला ‘माझं’ म्हणू शकतो त्या सगळ्यांची बेरीज म्हणजे त्याचा ‘मी’. रसेल बेल्क यांनी १९८८ मध्ये याच धाग्याला धरून विस्तारित स्वत्वाची, म्हणजे आपल्या वस्तूही आपल्या ‘मी’चा भाग होतात अशी कल्पना मांडली. ‘माझं’ म्हणायला फार काळही लागत नाही. जॅक नेच यांच्या १९८९ मधल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना कॉफीचा मग दिला, काहींना चॉकलेट, आणि थोड्या वेळाने अदलाबदलीची मुभा दिली. दोन्ही गटांतल्या दर दहांपैकी साधारण नऊ जणांनी हातात आलेलीच वस्तू ठेवली. तासाभरापूर्वी ज्याच्याशी काही संबंध नव्हता त्या मगाचं हे, तर वीस वर्षं बरोबर असलेल्या पेटीचं काय होत असेल!

कोणती वस्तू ‘माझी’ वाटते हे वयानुसारही बदलतं. मिहाय चिक्सेंटमिहाय आणि यूजीन रॉचबर्ग-हाल्टन यांनी शिकागो परिसरातल्या ८२ कुटुंबांतल्या तीन पिढ्यांना घरातल्या खास वस्तूंबद्दल विचारलं होतं. १९८१ मध्ये त्याचं विवेचन प्रसिद्ध झालं. मुलांनी बहुधा अशा वस्तू सांगितल्या ज्यांच्याशी काहीतरी करता येतं, उदाहरणार्थ संगीत ऐकायचा स्टिरिओ. आजीआजोबांच्या पिढीने सगळ्यात जास्त नाव घेतलं फोटोंचं. एकाच घरात राहून ही माणसं दोन वेगळ्या दिशांना बघत होती.

या सगळ्यात सांगितलेल्या गोष्टीचा वाटा किती, हे अजमावणारा एक खोडकर उपक्रम रॉब वॉकर आणि जोशुआ ग्लेन यांनी २००९ मध्ये केला. जुन्या बाजारातल्या शंभर फुटकळ वस्तू त्यांनी एकूण १२८.७४ डॉलरना घेतल्या, प्रत्येकीवर एका लेखकाकडून काल्पनिक गोष्ट लिहून घेतली आणि त्या ईबेवर लिलावाला लावल्या. आले ३,६१२.५१ डॉलर. गोष्टी रचलेल्या आहेत हे लपवलेलंही नव्हतं. झाग्रेबमध्ये २०१० पासून तुटलेल्या नात्यांचं एक संग्रहालय आहे, तिथेही हेच दिसतं. लोकांनी पाठवलेल्या अगदी साध्या वस्तू आणि शेजारी त्यांची हकिगत. तिथली एक कुऱ्हाड प्रसिद्ध आहे. सोडून गेलेल्या जोडीदाराचं फर्निचर या कुऱ्हाडीने एकेक करून फोडलं गेलं होतं. बाजूची चिठ्ठी काढली तर ती फक्त कुऱ्हाड.

मग टाकायची वेळ आली की काय करायचं? करेन विंटरिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या वसतिगृहांत वस्तू दान करण्याची मोहीम राबवली. काही ठिकाणी फलकावर नेहमीचं आवाहन होतं, काही ठिकाणी ‘आधी फोटो काढून ठेवा, मग द्या’ असं सुचवलं होतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे असे: साध्या आवाहनाला ५३३ वस्तू, फोटोवाल्या आवाहनाला ६१३. संशोधकांच्या मते लोकांना वस्तूपेक्षा तिच्यासोबत स्वतःचा एक तुकडा जाईल याची धास्ती असते. मुलाने काढलेल्या चित्राचा फोटो बराचसा भार उचलतो. स्वेटरचा फोटो उचलत नाही, त्याला वास नसतो. आणि फोटो काढायचाच तर जवळून काढावा. लिंडा हेंकेल यांच्या २०१४ मधल्या प्रयोगात कलासंग्रहालयातल्या वस्तूंचे पूर्ण फोटो काढणाऱ्यांना त्या वस्तू कमी आठवल्या, पण एखाद्या भागावर झूम केलेल्यांच्या बाबतीत ही घट दिसली नाही.

काही माणसांना फोटोने भागत नाही, कशानेच भागत नाही. वस्तू साठवत राहण्याचा विकार २०१३ पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या यादीत स्वतंत्र आजार म्हणून नोंदला आहे. डेव्हिड टोलिन यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा रुग्णांना मेंदूचं स्कॅनिंग चालू असताना टपालातून आलेले साधे कागद दाखवले. काही त्यांचे स्वतःचे, काही परक्याचे. ठेवायचा की टाकायचा हे त्यांनी सांगायचं आणि ‘टाका’ म्हटलेला कागद खरोखर यंत्रात घालून फाडला जायचा. परक्याच्या कागदाबाबत निर्णयाशी जोडलेले मेंदूचे काही भाग हा विकार नसलेल्या लोकांपेक्षा कमी चालत होते आणि स्वतःच्या कागदाबाबत प्रमाणाबाहेर जास्त. हा आळस किंवा हट्ट नव्हे. म्हणूनच घरच्यांनी तो माणूस बाहेर गेल्याचं बघून खोली रिकामी केली तर बहुतेकदा विश्वास तेवढा जातो आणि पसारा काही महिन्यांत परत येतो. उपचारांत एकेक वस्तू त्याच्याच हातात देऊन निर्णय त्यालाच घ्यायला शिकवतात, आणि सुरुवात सगळ्यात कमी जिव्हाळ्याच्या वस्तूपासून करतात.