छतावरच्या पाइपातून जाणारं तेल

सोलापूर जिल्ह्याला स्टीम टर्बाइन नवं नाही. को-जन, म्हणजे उसाच्या चिपाडावर (बगॅसवर) वाफ करून कारखान्यातच वीज बनवणं, येण्याआधीही अनेक साखर कारखान्यांत उसाचे रोलर छोट्या टर्बाइनवर फिरत. टर्बाइनच्या वंगण तेलाच्या टाकीचा ब्रीदर, म्हणजे हवा बाहेर सोडणारं तोंड, बहुधा उघडाच असे. आसपासचे पत्रे चिकट झाले, तर गाळप संपल्यावर पुसायचे.

नव्वदच्या दशकापासून को-जनला चालना मिळाली. बॉयलरचा दाब 45 बारवरून 67, 87 आणि पुढे 110 बारपर्यंत चढला, संच मोठे झाले, बेअरिंगमधून, म्हणजे शाफ्टच्या आधारांमधून, फिरणारं तेलही वाढलं. वेगाने फिरणाऱ्या शाफ्टवर तेल फुटतं, तापतं, आणि त्याची वाफ निवताना एक मायक्रॉनहूनही बारीक थेंब तयार होतात. ते खाली बसत नाहीत, हवेसोबत निघून जातात.

म्हणून टाकीवर व्हेपर फॅन आला, टाकीतली तेलकट हवा ओढून छतावरच्या पाइपातून (व्हेंटमधून) बाहेर टाकणारा. आत किंचित निर्वात राहिला की सीलमधून तेल बाहेर झिरपत नाही. गरम स्टीम पाइपच्या लॅगिंगमध्ये, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या आवरणात, तेल मुरलं तर आग लागू शकते, तेव्हा फॅन हवाच. वाद आहे तो ओढ किती ठेवायची याचा. ही ओढ पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजतात आणि काही मिलिमीटरचाच हा मामला, पण शिफ्टमध्ये सर्रास एकच उपाय चालतो: हॉलमध्ये तेलाचं धुकं दिसलं की डँपर (फॅनची ओढ कमी-जास्त करणारी झडप) आणखी उघडा. हॉल स्वच्छ दिसतो खरा. पण ओढ वाढली की सीलमधून बाहेरची हवाही जास्त शिरते आणि सोबत ग्लँडमधून (टर्बाइनचा शाफ्ट बाहेर येतो तिथून) निसटणारी वाफ, बगॅसची भुकटी. टाकीच्या तळाचा कॉक उघडला तर आधी पाणी येतं, आणि काचेतून दिसणारं तेल दुधाळ झालेलं असतं. शिवाय जितकी हवा जास्त, तितकं तेल छतावरून बाहेर. याला नियंत्रण म्हणणं धाडसाचंच.

कायद्यानेही याला वाट ठेवली. 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायद्यात 1987 च्या दुरुस्तीने आलेली मर्यादा, खनिज तेलाच्या तुषारांसाठी आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला 5 मिलिग्रॅम, कामाच्या जागेतल्या हवेसाठी होती. छतावरचा पाइप तिच्यात येत नव्हता. सोलापूर विमानतळालगतच्या साखर कारखान्याची को-जनची चिमणी जून 2023 मध्ये पाडली, तेव्हा शहरभर तिचीच चर्चा होती. व्हेंटच्या पाइपाचा विषय मात्र कधी चावडीवर आला नाही.

जिल्ह्यातल्याच फताटेवाडीच्या एनटीपीसी औष्णिक वीज केंद्राचे 660 मेगावॅटचे दोन संच 2017 आणि 2019 मध्ये सुरू झाले. एवढ्या मोठ्या जनरेटरला थंड ठेवायला हायड्रोजन लागतो. तो सील ऑइलमध्ये (वायू कोंडून ठेवणाऱ्या तेलात) मिसळतो, त्यामुळे तिथे वायू बाहेर काढणं हा स्फोट टाळण्याचाही भाग असतो. साखर कारखान्यांचे जनरेटर हवेवर थंड होतात, तिथे ही धास्ती नाही. कदाचित म्हणूनच हयगय जास्त.

व्हेंटवर बसवायचे तारेच्या जाळीचे डेमिस्टर (थेंब गाळणारे) मोठे थेंब अडवतात, बारीक थेंब निसटतात. त्यांच्यासाठी काचतंतूंचा जाड थर लागतो. त्यात थेंब एकमेकांना मिळून मोठे होतात आणि तेल परत टाकीत गळतं. पण असा फिल्टर हवेला अडवतो, म्हणून फॅनही तसा ताकदवान लागतो. जुन्या फॅनवर नुसता फिल्टर चढवला की टाकीतला निर्वात जातो, सील गळू लागतात आणि मग कुणीतरी फिल्टर टाळून जाणारी वाट, बायपास, उघडून ठेवतो.