साँग बँक : कीबोर्डमधील तयार गाणी

इलेक्ट्रॉनिक कीबोर्डमध्ये कंपनीनेच भरून दिलेल्या गाण्यांच्या संचाला साँग बँक म्हणतात. कॅसिओच्या कीबोर्डवर त्यासाठी ‘साँग बँक’ हे बटण असते, यामाहाच्या कीबोर्डवर नुसते ‘साँग’. नागपूरच्या बर्डीतल्या दुकानात वाद्य दाखवताना डेमो म्हणून यातलेच एखादे गाणे लावतात. घरी आल्यावर पाहुण्यांना तेच ऐकवले जाते आणि पुष्कळदा बटणाचा उपयोग तिथेच संपतो. शिकणाऱ्यासाठी, विशेषतः पेटीवरून कीबोर्डकडे वळलेल्यासाठी, वाद्यातला हा फार मोलाचा भाग आहे.

ही गाणी ध्वनिमुद्रित नसतात. कोणता सूर कधी दाबायचा, किती जोराने आणि कधी सोडायचा, एवढ्या सूचनाच आत साठवलेल्या असतात. दाबण्याचा जोर 1 ते 127 अशा आकड्यांत लिहिलेला असतो. आवाज कीबोर्ड आयत्या वेळी तयार करतो. त्यामुळे गती मिनिटाला 120 मात्रांवरून 60 वर आणली तरी पट्टी उतरत नाही आणि एका हाताचा भाग तेवढा बंद करता येतो. कॅसेटवरून गाणी बसवणाऱ्यांना ही सोय नव्हती. सूचनांच्या या भाषेला मिडी म्हणतात. ती 1983 मध्ये ठरली आणि 128 आवाजांचा समान क्रम देणारे जनरल मिडी 1991 मध्ये आले.

बँकेत भर असतो तो जुन्या पाश्चात्त्य चालींचा, बालगीतांचा आणि नाताळच्या गाण्यांचा, कारण त्यांतल्या बहुतेकांवर आता कोणाचा स्वामित्वहक्क उरलेला नाही. भारतासाठी काढलेल्या मॉडेलांत, म्हणजे यामाहाच्या पीएसआर-आय मालिकेत किंवा नावाच्या शेवटी ‘आयएन’ असलेल्या कॅसिओंत, तबला-तानपुऱ्याचे आवाज आणि भारतीय ताल मिळतात.

नागपुरात, महालपासून धरमपेठेपर्यंत, कीबोर्ड शिकायला येणाऱ्यांत घरी पेटी असलेले बरेच असतात. भजनी मंडळात बसून त्यांचा उजवा हात तयार झालेला असतो. डावा हात मात्र आयुष्यभर भात्यावर गेलेला. कीबोर्डला भाता नाही, म्हणून तो हात मोकळा होतो आणि त्याचे करायचे काय हे कळत नाही. साँग बँकेचे खरे काम इथे सुरू होते. यंत्राला उजव्या हाताची चाल वाजवू द्यायची, डाव्या हाताचा भाग बंद करायचा आणि तो स्वतः वाजवायचा.

बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतली (1824) ‘ओड टू जॉय’ ही चाल बहुतेक साँग बँकांत सापडते आणि पहिला धडा म्हणून तिच्याइतकी चांगली दुसरी नाही. पांढरी एकचा षड्ज धरला तर पहिली ओळ अशी येते : ग ग म प, प म ग रे, सा सा रे ग, ग – रे रे. अंगठा सा वर, करंगळी प वर, हात जागचा हलत नाही. शेवटच्या गटात पहिला ग दीड मात्रेचा, त्यानंतरचा रे अर्ध्या मात्रेचा आणि अखेरचा रे दोन मात्रांचा. हे नीट मोजले की ओळ बरोबर 16 मात्रांची होते, म्हणजे त्रितालाचे एक आवर्तन किंवा केहरव्याची दोन. तबल्यासोबत बसलेल्या मुलाला ही मोजणी ओळखीची वाटते, फक्त इथे खाली (टाळीऐवजी हात रिकामा सोडून दाखवायची मात्रा) नसते. डाव्या हाताला सुरुवातीला दोनच कॉर्ड (एकदम दाबायचे सूरसमूह) पुरतात, सा-ग-प आणि प-नी-रे. तिसऱ्या ओळीच्या शेवटी मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) येतो आणि तिथे उजव्या हाताला पहिल्यांदा जागा सोडावी लागते. मुले नेमकी तिथेच अडखळतात. ए-बी रिपीट (निवडलेला तुकडाच पुन्हा पुन्हा वाजवणारी सोय) लावून तेवढ्या दोन मापांचेच, म्हणजे चार-चार मात्रांच्या दोन गटांचेच, आवर्तन करावे. संपूर्ण गाणे पुन्हा पुन्हा वाजवत राहिले तर सोपा भाग पक्का होतो आणि अवघड भाग कच्चाच राहतो.

‘वेटिंग’ प्रकारात योग्य पट्टी दाबेपर्यंत गाणे थांबून राहते. सूर शोधण्यापुरते ते चांगले. पण त्याची सवय लागली की सूर बरोबर येतात आणि लय तुटते, कारण थांबायचे कधी हे यंत्र ठरवते. सूर सापडले की लगेच गती 50-60 वर आणून, मेट्रोनोम (ठरावीक गतीने टकटक करणारा ठेका) लावून, न थांबता वाजवायला हवे. उजेड पडणाऱ्या पट्ट्यांचेही तसेच आहे : डोळे दिव्याच्या मागे धावतात आणि कान रिकामे राहतात.

विदर्भात उन्हाळ्यामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे लांब सुट्टीत सराव भरपूर होतो. मात्र मे महिन्यात खोलीत कूलर घोंगावत असताना डाव्या हाताचे मंद सूर अजिबात ऐकू येत नाहीत. अशा वेळी हेडफोन लागतो आणि तो वायरचाच घ्यावा. ब्लूटूथवर पट्टी दाबल्यानंतर आवाज किंचित उशिरा कानी पडतो आणि त्या उशिराने लय बिघडते.

या गाण्यांतून रागसंगीत येत नाही. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे), कण (सुराला लागणारा दुसऱ्या सुराचा स्पर्श), श्रुती (सुरांमधले सूक्ष्म अंतर) यांना तिथे जागा नाही. सप्तकाचे 12 सारखे भाग केलेले असतात. गांधर्व महाविद्यालयाच्या शास्त्रीय संगीताच्या परीक्षेला बसणाऱ्याला गुरूपुढे बसण्यावाचून पर्याय नाही. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या कीबोर्ड परीक्षेसाठी मात्र दोन्ही हातांची ही तयारी थेट उपयोगी पडते. गायकाची पट्टी काळी चार असेल तर ट्रान्सपोज (सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणाऱ्या) बटणाने काम भागते, तरी बोटांना ती पट्टी स्वतंत्रपणे शिकवावीच लागते.

खंजिरीवर म्हटली जाणारी तुकडोजी महाराजांची भजने कंपनीच्या यादीत शोधत बसण्यात अर्थ नाही. रेकॉर्डची सोय असलेल्या कीबोर्डवर शिक्षकाने चाल एका ट्रॅकवर आणि साथ दुसऱ्यावर वाजवून ठेवली, तर विद्यार्थ्याला घरी त्यातला एक ट्रॅक बंद करून तसाच सराव करता येतो. यूएसबीवरून मिडी फाइल घेणाऱ्या मॉडेलांत तीच फाइल वर्गातल्या इतरांनाही देता येते.