परागनलिकेला वाट कोण दाखवतं? कायनेजच्या शोधामागची जुनी गोष्ट

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीच्या बाजारात घोळीच्या जुड्या दिसतात बघा, डाळ घालून करतात ती आंबटसर भाजी. फुलात पराग आणि बीजांड (ज्याचं पुढं बी होतं ते) एकमेकांना निरोप कसे देतात आणि कायनेज नावाची एन्झाइमं त्यात काय करतात, हा सगळा विषय त्या घोळीपासून सुरू होतो हे मला लय उशिरा कळलं. १८२४ ची गोष्ट, इटलीतला आमिची म्हणून एकजण, मायक्रोस्कोप स्वतःच बनवायचा, तो घोळीच्या फुलातल्या कुक्षीच्या (पराग जिथं येऊन चिकटतो ते टोक) केसात पेशीरस कसा फिरतोय ते बघत बसला होता आणि बघता बघता केसाला चिकटलेल्या परागकणातून एक बारीक नळी बाहेर आली. बघायला गेला एक आणि दिसलं भलतंच. १८३० मध्ये त्यानं सांगितलं की ही नळी खाली थेट बीजांडापर्यंत जाते.

मग खरं भांडण लागलं. पेशीसिद्धांतामुळं शाळेच्या पुस्तकात ज्याचं नाव येतं तो श्लायडेन १८३७ च्या सुमारास म्हणायला लागला की नळीचं टोकच पुढं भ्रूण होतं, बीजांड म्हणजे नुसती वाढायची जागा. म्हणजे आपल्याकडं पूर्वीपासून म्हणतात तेच की, बाई म्हणजे शेत आणि बी पुरुषाचं! जर्मनीतला एवढा मोठा शास्त्रज्ञ आणि आपल्या गावचा पारावरचा म्हातारा एकाच मताचे निघाले. आमिचीनं १८४७ मध्ये ऑर्किडमध्ये दाखवलं की नळी पोचायच्या आधीच स्त्रीबीज तिथं तयार असतं, १८४९ मध्ये हॉफमाइस्टरनं बऱ्याच झाडांत तेच दाखवलं आणि श्लायडेनची बाजू पडली. १८९८ मध्ये नवाशिननं लिलीमध्ये दुहेरी फलन बघितलं, एक नर पेशी स्त्रीबीजाला मिळते आणि दुसरीमुळं बियांतला अन्नसाठा बनतो. आपण जो भात खातो तो मुख्यतः हा दुसऱ्या फलनाचा माल.

भारतात हे काम दिल्ली विद्यापीठात पंचानन माहेश्वरींनी वाढवलं, १९५० चं त्यांचं भ्रूणविज्ञानाचं पुस्तक जगभर वापरलं गेलं. पण हे सगळं बघण्याचं शास्त्र होतं. नळीला वळायचं कुठं आणि थांबायचं कधी हे कोण सांगतं, ते मायक्रोस्कोपमध्ये दिसत नव्हतं. १९६३ मध्ये ब्रूबेकर आणि क्वॅकनी एवढं दाखवलं की कॅल्शियम नसेल तर पराग नीट रुजत नाहीत. कॉलेजात सदाफुलीचे पराग साखर आणि बोरिक ॲसिडच्या थेंबात रुजवायचं प्रॅक्टिकल असतं, त्या पाण्यात कॅल्शियमचं मीठ का टाकतात तर हेच कारण, आम्हाला मात्र तेव्हा कुणी सांगितलं नाही.

आता कायनेज. ते फुलातून आलंच नाही, आलं स्नायूतून, आणि स्नायूचं कौतुक तालमींच्या या कोल्हापूरला वेगळं सांगायला नको. अमेरिकेत सिॲटलला क्रेब्स आणि फिशर सशाच्या स्नायूवर काम करत होते, ग्लायकोजेन म्हणजे साठवलेली साखर लागेल तेव्हा फुटतं कसं हा प्रश्न. १९५५ च्या आसपास त्यांना दिसलं की एक एन्झाइम एटीपीतला (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) फॉस्फेट उचलून दुसऱ्या प्रथिनाला चिकटवतं आणि ते प्रथिन चालू होतं, असं करणारं एन्झाइम म्हणजे कायनेज. दुसरं एन्झाइम फॉस्फेट काढतं की बंद. दिव्याचं बटणच म्हणा. याचं नोबेल मिळायला १९९२ उजाडलं.

वनस्पतीवाले यात उशिरा आले. पेशीच्या पडद्यात बसून बाहेरचा निरोप आत देणारं पहिलं कायनेज १९९० मध्ये मक्यात सापडलं आणि पुढच्याच वर्षी कोबी-मोहरीच्या कुळात एसआरके, जे कुक्षीवर बसून स्वतःच्याच जातकुळीचा पराग ओळखतं आणि त्याला रुजू देत नाही (सगोत्र नको म्हणणारी मंडळी फुलात पण आहेत). २००२ मध्ये ॲराबिडॉप्सिस या मोहरीच्याच कुळातल्या रोपात ईएमएस१ हे कायनेज सापडलं, ते नसलं तर परागकोशात पराग पोसणारा थर बनतच नाही, परागाच्या मातृपेशी जास्त होतात आणि हाती पराग शून्य. बीजांडाकडं एमपीके३ आणि एमपीके६ ही कायनेजची जोडी, २००८ मध्ये कळलं की एमपीके६ पूर्ण गेलं आणि एमपीके३ ची एकच प्रत उरली तर बीजांडाची आवरणं नीट वाढत नाहीत.

सगळ्यात मजेदार मात्र फेरोनिया, प्राचीन इटलीतल्या सुफलतेच्या देवीचं नाव. हे कायनेज बीजांडात स्त्रीबीजाशेजारी असणाऱ्या सहायक पेशींत असतं, जनुक कळलं २००७ मध्ये. ते बिघडलं तर नळी बरोबर दारात येते, आत शिरते आणि फुटतच नाही, वाढतच राहते, नर पेशी आतच अडकलेल्या. २००९ मध्ये नळीत याच्या उलटं काम करणारी कायनेजची जोडी सापडली, ती नसली तर नळी वाटेतच फुटते. तिचं नाव ठेवलं ॲन्क्सर, म्हणजे त्या देवीचा जोडीदार, शास्त्रज्ञांना पण हौस असते! त्याच वर्षी जपानमध्ये हिगाशियामांच्या गटानं तोरेनियाच्या फुलात सहायक पेशी सोडतात ते लूर नावाचं आमिष शोधलं. ते ओळखणारं नळीवरचं कायनेज कुठलं यावर २०१६ मध्ये नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकाच्या एकाच अंकात, पाठोपाठच्या पानांवर, जपान आणि चीनच्या गटांनी वेगवेगळी नावं दिली.

फुटायचं कसं ठरतं ते २०१७ मध्ये उलगडलं. नळी चालत असताना स्वतःच राल्फ४ आणि राल्फ१९ ही छोटी प्रथिनं सोडते, ती ॲन्क्सर आणि त्याच्या साथीदार कायनेजला चिकटून राहतात तोवर नळी शाबूत. बीजांडाजवळ आली की तिकडचं राल्फ३४ त्यांना हटवून ती जागा घेतं आणि नळी फुटते.