‘सगळं वॉर्डातूनच ठरतं’ हे खरं नाही

मुंबईत पालिकेच्या शाळेच्या गेटवर आया वर्षानुवर्षं हेच म्हणतात, “आपलं कोण ऐकतंय? सगळं वॉर्डातूनच ठरतं.” हे अर्धंच खरं आहे. शिक्षकांच्या नेमणुका, पगार, इमारतीची मोठी कामं पालिकेकडेच आहेत. पण 2009च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 21नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच लागतात, आणि निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा हीच समिती बनवते, आलेल्या अनुदानाच्या खर्चावर लक्षही तिनेच ठेवायचं. (खाजगी अनुदानित शाळांत मात्र ती फक्त सल्ला देते.) म्हणून बैठकीचं रजिस्टर समोर सरकवून “ताई, इथे सही करा” म्हटलं, की आधी वरचा मजकूर वाचा. नळदुरुस्ती लिहिली असेल, तर नळ उघडून बघा.