जिंजीचा वेढा : शत्रू गडावर, वैरी शेजारच्या तंबूत

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना युनेस्कोचा जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. त्यातले ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला, जिंजी. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयात हा गड घेतला. पुढे राजाराम महाराजांनी तिथून राज्य चालवले आणि मोगलांना तो घ्यायला जवळजवळ आठ वर्षे लागली, इतके आपल्याला साधारण ठाऊक असते. पण वेढा इतका लांबला का, या प्रश्नाचे उत्तर गडाच्या तटात जेवढे आहे तेवढेच गडाखालच्या मोगल छावणीतही आहे. ती बाजू आपल्याकडे फार कमी सांगितली जाते.

त्या छावणीत एक माणूस होता, भीमसेन सक्सेना. बुऱ्हाणपूरचा कायस्थ, मोगलांच्या चाकरीतल्या दलपतराव बुंदेल्याच्या पदरी कारकुनीत. त्याने फारसीत आपल्या आठवणी लिहून ठेवल्या. वेढ्याचा सेनापती जुल्फिकारखान मनात आणता तर गड एका दिवसात घेऊ शकला असता, असे या माणसाने लिहून ठेवले आहे. ज्याचे पोट मोगलांच्या चाकरीवर चालत होते, त्याची ही साक्ष. ‘एका दिवसात’ हे शब्द रागाने लिहिलेले असतील, पण त्यामागचा रोख खोटा वाटत नाही. तो समजायचा तर थोडे मागे जावे लागते.

मोगल सरदारांची ही आपसातली चुरस शिवकाळातच मूळ धरून होती. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री लाल महालावर छापा पडला, शाइस्तेखानाची बोटे गेली, त्याचा मुलगा अबुल फतह मारला गेला. दुसऱ्या दिवशी महाराजा जसवंतसिंह त्याच्या समाचाराला आला. काल रात्रीच्या हल्ल्यात तुम्ही कामी आला असाल असे मला वाटले होते, अशा अर्थाचे काहीतरी शाइस्तेखान त्याला बोलल्याचे फारसी इतिहासकार सांगतात. शेजारी दहा हजारांची फौज घेऊन बसलेला माणूस हलला कसा नाही, हा संशय खानाच्या मनातून कधी गेला नाही. छापा शिवाजी महाराजांचा, पण खानाची जळजळ जसवंतसिंहावर.

१६६५ मध्ये पुरंदराखाली तेच. तह मिर्झाराजे जयसिंहांनी केला आणि वेढ्याचे मोर्चे चालवणारा दिलेरखान बाजूला राहिला. विजय आपल्या हातून निसटून दुसऱ्याच्या पदरात पडला याचा त्याला इतका संताप आला, की त्याची समजूत काढायला जयसिंहांनी खुद्द शिवाजी महाराजांना त्याच्या भेटीला पाठवले. मुरारबाजी पडला तो याच दिलेरखानाशी लढताना. त्या खानाला तलवार, घोडे देऊन महाराजांचा सन्मान करावा लागला, यात त्याचा राग किती विरघळला असेल कोण जाणे.

पण खरा कळस १६७० चा. या वर्षीची हकीकत शाळेच्या पुस्तकात एका वाक्यात येते: महाराजांनी पुरंदरच्या तहात दिलेले किल्ले परत घेतले. फेब्रुवारीत सिंहगड, मार्चमध्ये पुरंदर, मग कल्याण-भिवंडी, जूनमध्ये माहुली. एवढे सगळे घडत असताना दख्खनचा सुभेदार शहाजादा मुअज्जम आणि दिलेरखान काय करत होते? ते एकमेकांना पकडायच्या खटपटीत होते. दिलेरखान गोंडवनातून औरंगाबादेला आला, पण शहाजाद्याला भेटायला जाईना. गेलो की कैद होऊ, अशी त्याला धास्ती. आजाराचे निमित्त करून त्याने भेट टाळली. शहाजादा आणि जसवंतसिंहांनी बादशहाला लिहिले की दिलेर बंडखोर झाला आहे. दिलेरने लिहिले की शहाजादाच शिवाजीला मिळालेला आहे. खरे-खोटे पाहायला बादशहाने इफ्तिखारखान नावाचा सरदार पाठवला. तो शहाजाद्याकडे एक बोलला आणि दिलेरकडे दुसरेच. अखेर त्यालाच शिक्षा झाली. भर पावसाळ्यात दिलेरखान उत्तरेकडे पळत सुटला आणि शहाजादा फौज घेऊन त्याच्या मागे तापीपर्यंत गेला. मोगलांच्या दख्खनच्या सुभेदाराने त्या वर्षी केलेली ही सर्वांत मोठी मोहीम, आणि ती स्वतःच्याच सरदारावर! बादशहाचा हुकूम आला तेव्हा तो मागे वळला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला महाराज सुरतेत होते, दुसऱ्यांदा. परतताना वणी-दिंडोरीला मोगल सरदार दाऊदखान कुरेशी आडवा आला, त्यालाही त्यांनी बाजूला सारले.

हा सगळा दोष त्या त्या सरदाराच्या स्वभावाचा, असे म्हणून सोडून देता येत नाही. मनसब म्हणजे हुद्दा, जहागीर, किताब, सगळे बादशहाच्या मर्जीवर. एका मोहिमेचे यश वाटून घेता येत नाही, ते एकाच्याच नावे हुजुरात, म्हणजे बादशहाकडे, पोचते. त्यात औरंगजेबाची रीत अशी, की मोठ्या मोहिमेवर एकटा माणूस पाठवायचा नाही. शहाजाद्यावर नजर ठेवायला सरदार, सरदारावर नजर ठेवायला दुसरा सरदार, आणि दोघांवर बातम्या लिहिणारे अखबारनवीस. बापाला कैदेत टाकून तख्तावर बसलेल्या माणसाला मुलांचा भरवसा कसा वाटणार? तो भरवसा मुलांनीही ठेवला नाही. १६८१ मध्ये शहाजादा अकबराने बंड केले आणि तो थेट संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. १६८७ मध्ये गोवळकोंड्याशी संधान बांधल्यावरून तोच मुअज्जम कैदेत पडला आणि तब्बल आठ वर्षे तसाच राहिला. ज्यांच्या हाती दख्खन जिंकायची होती ती माणसे ही अशी.

फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरी संभाजी महाराज पकडले गेले आणि या चुरशीला वेगळीच धार आली. त्यांना पकडणाऱ्या मुकर्रबखानाला खानजमान हा किताब मिळाला, मनसब वाढली. रायगड घेणारा इतिकादखान जुल्फिकारखान झाला. मराठ्यांचा राजा हाती लागला की नशीब फळफळते, हे प्रत्येक मोगल सरदाराने डोळ्यांनी पाहिले. आता उरले होते १९ वर्षांचे राजाराम महाराज.

ते मात्र कुणाच्या हाती लागेनात. रायगडावरून प्रतापगड, तिथून पन्हाळा, आणि सप्टेंबर १६८९ मध्ये पन्हाळ्यावरून थोड्या सोबत्यांनिशी यात्रेकरूंच्या वेषात दक्षिणेकडे. तुंगभद्रेच्या काठी सय्यद अब्दुल्लाखान बारह्याने त्यांना जवळजवळ गाठलेच होते. बरोबरची माणसे सापडली, राजे निसटले. केळदीच्या राणी चेन्नम्माने मोगलांचा रोष पत्करून आसरा दिला आणि पुढची वाट करून दिली. त्या राणीचे आपल्यावर केवढे उपकार आहेत, हे महाराष्ट्राने अधिक वेळा आठवायला हवे. नोव्हेंबरच्या सुमारास राजे जिंजीला पोचले.

जिंजी एका डोंगरावर नाही. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग अशा तीन टेकड्या आणि तिघींना कवेत घेणारा मैलोगणती तट. एवढा घेर चहूबाजूंनी आवळायला जेवढे सैन्य लागते तेवढे जुल्फिकारखानाजवळ नव्हतेच. सप्टेंबर १६९० मध्ये तो गडाखाली आला, पण नाकेबंदी अशी कधी झालीच नाही. रसद आत जात राहिली, माणसे ये-जा करत राहिली. त्याने कुमक मागितली आणि बादशहाने आपल्या रीतीप्रमाणे कुमकेबरोबर काटाही पाठवला.

डिसेंबर १६९१ मध्ये शहाजादा कामबक्ष जिंजीला आला. औरंगजेबाचा सर्वांत धाकटा आणि लाडका मुलगा, वय २४. सोबत वजीर असदखान, म्हणजे जुल्फिकारखानाचा बाप. नावाला मुख्य शहाजादा, सत्ता बापलेकांची. कामबक्षाच्या भोवती त्याच्याच वयाची उथळ मंडळी, आणि त्यांचे रोजचे काम म्हणजे शहाजाद्याचा कसा अपमान होतो आहे हे त्याला सांगणे. इकडे बापलेकांना खबर लागली की शहाजाद्याने गडावर राजाराम महाराजांशी गुप्त बोलणी सुरू केली आहेत. बादशहा आता सत्तरीपलीकडचा. तो गेला की भावाभावांत तख्तासाठी तलवार चालणार, आणि तेव्हा मराठे आपल्या बाजूला असलेले बरे, असा कामबक्षाचा हिशेब. अकबराचाही थोडाफार असाच होता. असदखानाने हुजुरात कळवले, शहाजाद्यावर पहारा बसवण्याची परवानगी आणवली आणि दलपतराव बुंदेल्याचा तळ त्याच्या डेऱ्याला खेटून पडला. आपला भीमसेन हे सारे पाहू शकला तो या शेजारामुळे.

डिसेंबर १६९२ मध्ये संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव महाराष्ट्रातून मोठी फौज घेऊन कर्नाटकात (तेव्हा जिंजीकडच्या तमिळ मुलखालाही हेच नाव होते) उतरले. धनाजीने गडाच्या पश्चिमेकडच्या ठाण्यावरच्या इस्माईलखान मकाला पकडले. संताजीने कांचीचा फौजदार अलीमर्दानखान याला गाठून कैद केले आणि एक लाख होन घेऊन सोडले. वेढा घालणारेच वेढले गेले. धान्य संपत आले, हुजूरकडून पत्रे येईनात आणि बादशहा वारल्याची आवई छावणीत उठली. कामबक्षाने ठरवले की आता बापलेकांना पकडावे, नाहीतर कुटुंबकबिला घेऊन रातोरात गडावर, राजाराम महाराजांकडे निघून जावे. पण त्याच्या गोटातली बातमी फुटली. असदखान आणि जुल्फिकारखान मोर्च्यांवरची माणसे मागे घेऊन शहाजाद्याच्या डेऱ्यावर चालून गेले आणि त्यांनी त्याला धरले.

मोठ्या तोफा ओढून नेणे शक्य नव्हते, म्हणून त्या फोडून निकामी केल्या. वेढ्यातली माणसे तळाकडे धावताना मराठे त्यांच्या पाठीवर होते. शेवटी असदखानाने मराठ्यांशी पैशाची बोलणी करून वाट मोकळी करून घेतली आणि जानेवारी १६९३ मध्ये सगळी फौज वांदीवाशला मागे सरली. हिंदुस्थानचा वजीर, बादशहाचा बख्शी, म्हणजे फौजेचा मुख्य कारभारी, होऊ पाहणारा त्याचा मुलगा, आणि पहाऱ्यातला शहाजादा, असा तो लवाजमा होता. कामबक्षाला गलगल्याच्या छावणीत बापापुढे नेले. बहीण झीनतुन्निसा मध्ये पडली म्हणून निभावले. जुल्फिकारखानाने वाढून ठेवलेले हे ताट तो विसरला नाही.

पुढची चार वर्षे जुल्फिकारखानाने वेढा चालवला म्हणण्यापेक्षा तो सांभाळला. तंजावरवर जा, तिथल्या शहाजीराजांकडून (शिवाजी महाराजांच्या पुतण्याकडून) खंडणी घे, पाळेगारांकडून म्हणजे स्थानिक सरदारांकडून पैसे वसूल कर, परत ये, पुन्हा चार मोर्चे उभे कर. गड पडला तर त्याला दुसऱ्या मोहिमेवर धाडणार आणि कर्नाटकची मोकळीक संपणार. लांबणाऱ्या युद्धात पगार, वसुली, अधिकार सगळे चालू राहते. मराठ्यांशी आतून त्याचे बोलणे होते, असा संशय त्याच्याच छावणीत उघडपणे बोलला जाई.

वऱ्हाड-खानदेशापासून कावेरीपर्यंत संताजी मोकाट फिरत होता, तोही याच दुहीमुळे. त्याच्यावर जो सरदार जाई तो मारला जाई, जखमी होई किंवा कैद होई, असे मोगल इतिहासकार खाफीखान लिहितो. नोव्हेंबर १६९५ मधले दोड्डेरी त्याचा नमुना. चित्रदुर्गाजवळ कासीमखान त्याच्या वाटेवर होता. बादशहाने मदतीला खानाजादखान वगैरे हुजुरातले बडे सरदार पाठवले. त्यांच्यापुढे आपली पत दिसावी म्हणून कासीमखानाने अदोणीहून भारी तंबू, सोन्या-चांदीची, चिनी मातीची भांडी आणवली आणि मेजवानीचा तळ पुढे उभारायला धाडला. संताजीने आधी तो तळच लुटला. मग धावून आलेल्यांना दोड्डेरीच्या लहानशा गढीत कोंडले. दाणा संपला, अफू संपली, अफूच्या आधीन असलेला कासीमखान तिथेच मेला. त्याने विष घेतले असेही म्हणतात. खानाजादखान २० लाखांचा दंड कबूल करून अंगावरच्या कपड्यांनिशी सुटला. दोन महिन्यांत हिम्मतखान बसवापट्टणला संताजीच्या माणसांच्या गोळीने पडला.

इथे एक गोष्ट लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हाच रोग आपल्या घरातही होता. संताजी आणि धनाजी एकमेकांना पाहीनासे झाले, राजाराम महाराजांना तो तिढा सोडवता आला नाही. १६९६ मध्ये दोघे वृद्धाचलमजवळ समोरासमोर लढले. संताजी जिंकला, आणि पकडलेल्या अमृतराव निंबाळकराला त्याने हत्तीच्या पायी दिले. वर्षभरात फौज फुटून धनाजीकडे गेली आणि जून १६९७ मध्ये शंभूमहादेवाच्या डोंगरात, एकटा पडलेला असताना, अमृतरावाचा मेहुणा म्हसवडचा नागोजी माने याने त्याला मारले. इतक्या मोगल सरदारांना जमले नाही ते असे झाले. संताजीचे शीर मोगल सरदार गाजीउद्दीन फिरोजजंगाच्या हाती लागले आणि ते बादशहाकडे नेणाऱ्या माणसाला खुशखबरखान असा किताब मिळाला. हे वाचताना आजही घशात काहीतरी अडकते.

फिरोजजंग तुराणी, म्हणजे मध्य आशियातून आलेल्या, सरदारांचा म्होरक्या, जुल्फिकारखान इराणी गटाचा. संताजीच्या शिराचा मान फिरोजजंगाला मिळाल्यावर जिंजीवर जोर करणे जुल्फिकारखानाला भाग होते. १६९८ च्या सुरुवातीला गड पडला, पण राजाराम महाराज आधीच बाहेर पडून वेल्लोरमार्गे विशाळगडाच्या वाटेला लागले होते. मराठी परंपरा सांगते की मोगलांकडे असलेल्या शिर्क्यांनी वाट दिली आणि त्यासाठी राजाराम महाराजांचे चिटणीस खंडो बल्लाळ यांनी आपले वतन सोडून दिले. खुद्द जुल्फिकारखानाची त्याला मूक संमती होती, असे मानणारे इतिहासकार पुष्कळ आहेत. तरी त्याला नुसरतजंग किताब मिळाला आणि जिंजीचे नाव नुसरतगड झाले. ज्याच्यासाठी आठ वर्षे घातली तो राजा साताऱ्यात गादी मांडून बसला.

जिंजीच्या तळावरचे ते वैर मात्र संपले नव्हते. १७०७ मध्ये औरंगजेब गेला. मुअज्जम बहादुरशहा होऊन तख्तावर बसला आणि कामबक्षाने हैदराबादेत स्वतःच्या नावाने खुतबा पढवला, म्हणजे मशिदीत आपले नाव बादशहा म्हणून घ्यायला लावले. जानेवारी १७०९ मध्ये बहादुरशहाची फौज हैदराबादेजवळ पोचली तेव्हा कामबक्षाजवळ मूठभर माणसे उरली होती. बादशहाला भाऊ जिवंत हवा होता आणि चढाईची त्याला घाई नव्हती. घाई जुल्फिकारखानाला होती. तो पुढे सरसावला, लढाई जुंपली आणि जखमांनी चाळण झालेला कामबक्ष कैद होऊन आला. बहादुरशहा रात्री त्याच्या उशाशी जाऊन बसला, त्याच्या अंगावर आपली शाल घातली. त्यानंतर थोड्याच वेळात कामबक्ष गेला.