आयरिश लोककथांतील अद्भुत जीव

आयर्लंडच्या लोकपरंपरेत माणसांच्या शेजारी, पण सहसा नजरेआड राहणाऱ्या अद्भुत जीवांचा मोठा गोतावळा आहे. त्यातले मुख्य कूळ म्हणजे 'ईस शी' (थोडक्यात 'शी'), टेकड्यांच्या पोटात राहणारे लोक. मध्ययुगीन कथांनुसार तुआहा दे दानन हा दैवी वंश लढाईत हरला आणि जमिनीखाली गेला. हे त्याचेच वंशज. बॉयन नदीकाठचे न्यूग्रेंज हे इ.स.पू. सुमारे 3200 मधले थडगे कथांमध्ये एंगस या देवाचा वाडा ठरते. गावकरी या लोकांचा उल्लेख जपून करत, 'भले लोक' म्हणत, कारण दुखावले तर ते गुरे आजारी पाडतात आणि लोण्याची बरकत नेतात, अशी भीती होती.

हे जीव समजून घ्यायचे तर आधी जमीन पाहावी लागते. प्रत्येक कथेला ठरावीक टेकडी, ओढा किंवा काटेरी झाड असते. इ.स. 500 ते 1000 च्या सुमारास शेतकरी कुटुंबांनी आपल्या वस्तीभोवती गोल मातीचे बांध घातले. असे 40,000 हून अधिक बांध आज ज्ञात आहेत. त्यांना 'रॅथ' म्हणतात. ते 'शीं'चे घर मानले जात असल्याने शेतकरी तिथे नांगर घालत नसत. एवढे अवशेष टिकले यात या भीतीचा वाटा मोठा आहे. 1999 मध्ये क्लेअर परगण्यात लाटून येथे नवा रस्ता हॉथॉर्नच्या एका काटेरी झाडावर येत होता. हे झाड मन्स्टर प्रांतातल्या 'शीं'चे जमण्याचे ठिकाण आहे, असे सांगत कथाकार एडी लेनिहन यांनी मोहीम उभारली आणि झाड वाचले.

बॅन्शी ही या कुळातली सर्वांत ओळखीची स्त्री. ती कुणाला मारत नाही. घरात मृत्यू येणार असेल तर आधी आक्रोश करते. तिचे नाते जुन्या गेलिक घराण्यांशी असते. मृताजवळ बायकांनी सूर लावून विलाप करण्याची आयरिश प्रथा तिच्या रडण्यामागे स्पष्ट ऐकू येते. ओब्रायन घराण्याची बॅन्शी ईव्हल 1014 च्या क्लॉन्टार्फच्या लढाईआधी राजा ब्रायन बोरूला दिसली, असे मध्ययुगीन वृत्तांत सांगतो. बॅन्शी लांब केस विंचरत बसते, म्हणून वाटेत पडलेला कंगवा उचलू नये अशी ताकीद मुलांना मिळे. उचललाच तर ती रात्री खिडकीशी येऊन आकांत करते. मग कंगवा चुलीच्या चिमट्यात धरून बाहेर द्यायचा. चिमटा आत घेतला की तो वाकलेला निघतो.

पूका हा रूप पालटणारा, बहुधा काळ्या घोड्याच्या रूपात येतो आणि माणसाला पाठीवर घेऊन रात्रभर उधळतो. साऊन या हिवाळ्याच्या सुरुवातीच्या सणानंतर तो रानातल्या ब्लॅकबेरींवर थुंकतो, म्हणून त्या खायच्या नाहीत. लिफी नदीवरचा पोलाफूका धबधबा त्याच्याच नावाचा. लेप्रकॉन आज हिरव्या कोटात विकला जात असला तरी 19व्या शतकातल्या वर्णनांत तो बऱ्याचदा लाल कोटातला एकांडा चांभार आहे. त्याच्यावरची नजर हटली की तो सोन्यासकट निसटतो.

या श्रद्धेची एक भीषण बाजूही आहे. 'शी' माणसाला पळवून त्याच्या जागी आपल्यातला आजारी जीव ठेवतात, अशी समजूत होती. 1895 मध्ये टिपरेरी परगण्यातल्या बॅलीव्हाड्ली येथे ब्रिजेट क्लीअरी ही 26 वर्षांची शिवणकाम करणारी स्त्री आजारी पडली. ही आपली बायको नव्हेच, असे म्हणत नवरा मायकेलने नातेवाइकांसमोर तिचा छळ केला आणि तिला जाळले. खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावरून परत येईल, असे तो सांगत होता. सदोष मनुष्यवधासाठी त्याला 20 वर्षांची शिक्षा झाली. लोककथांच्या गोडव्यात ब्रिजेटचे मरण झाकून टाकणे हा तिच्यावर दुसरा अन्याय ठरेल.

1935 मध्ये आयरिश लोकसाहित्य आयोग स्थापन झाला. 1937 ते 1939 या काळात शाळकरी मुलांनी आजी-आजोबांकडून आणि शेजाऱ्यांकडून ऐकलेले वह्यांत उतरवले. संग्रह शाळावार लावलेला असल्याने कोणत्या गावात कोणता रॅथ भीतीचा होता आणि पूका कुठल्या पुलापाशी भेटत असे, हे शोधता येते. हा संग्रह आता युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनकडे असून 'दूखस' या संकेतस्थळावर वाचायला मिळतो.